बंदर, फाटा आणि नोड : पनवेलच्या दळणवळण-नियोजनाचा इतिहास

१

मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या प्रवाशाला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दोन निराळे प्रवास करावे लागत. पहिला पाण्यावरचा : मुंबईच्या बंदरातून होडीने निघून, भरतीची वेळ साधून पनवेलच्या खाडीत शिरावयाचे आणि तेथील धक्क्याला लागावयाचे. दुसरा जमिनीवरचा : पनवेलहून खोपोलीपर्यंत सपाटीने आणि पुढे बोरघाट चढून देशावर. या दोन प्रवासांचा सांधा म्हणजे पनवेल. जेथे वाहन बदलावे लागते तेथे माल उतरतो, माल उतरतो तेथे हमाल, अडते व गाडीवान लागतात, आणि रात्र पडली तर मुक्कामाची सोय लागते. पनवेलची बाजारपेठ या गरजांमधून वाढली.

या सांध्याचे महत्त्व व्यापाऱ्यांच्या आधी सैन्याच्या ध्यानात आले होते. १७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईकर इंग्रजांची फौज पुण्यावर चालून निघाली ती पनवेलमार्गेच. बोरघाट चढून गेलेल्या त्या फौजेची मोहीम १७७९ च्या जानेवारीत वडगाव येथे मराठ्यांपुढे नमते घेऊन संपली. त्या मोहिमेत घाटातून तोफा व रसद नेण्याचे काम किती जिकिरीचे आहे याचाही अनुभव आला. पेशवाईच्या अस्तानंतर मुंबई व पुणे ही दोन्ही शहरे एकाच सत्तेखाली आली आणि घाटाचा प्रश्न लष्करी न राहता शासकीय व व्यापारी झाला. १० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटातील गाडीरस्ता वाहतुकीस खुला केला. त्यापूर्वी घाटावरील मालाची ने-आण मुख्यतः बैलांच्या पाठीवरून होत असे. आता देशावरची बैलगाडी थेट पनवेलच्या धक्क्यापर्यंत येऊ लागली.

या रस्त्याने पनवेलला काय दिले याची एक बोलकी नोंद विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये आढळते. गावाचा मुख्य उद्योग म्हणून तेथे गाड्यांची चाके तयार करण्याचा निर्देश असून, देशावरून येणारी गाडी परतताना चाकांची एक जोडी विकत नेते, असे म्हटले आहे. बैलांच्या पाठीवरील वाहतुकीला चाके लागत नाहीत. म्हणून या धंद्याचे मूळ घाटरस्त्याशी जोडणे सयुक्तिक ठरते. रस्ता आखणाऱ्यांच्या मनात पनवेलच्या सुतारांचा विचार असण्याचे कारण नव्हते. त्यांना दोन शहरे जोडावयाची होती. मधल्या गावाला जे मिळाले ते आनुषंगिक होते, आणि जे आनुषंगिक असते ते काढून घेतले जाताना कोणी विचारीत नाही. पनवेलच्या पुढील शतकभराच्या इतिहासाचे सूत्र येथेच सापडते.

२

१८५२ साली पनवेल येथे नगरपालिका स्थापन झाली. महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते. याच्या पुढच्याच वर्षी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली. नगरपालिका मिळण्याइतके महत्त्व ज्या वाहतुकीमुळे पनवेलला आले होते, ती वाहतूक दुसरीकडे वळविण्याचे काम अशा रीतीने जवळजवळ त्याच क्षणी आरंभिले गेले.

लोहमार्गाने ठाणे व कल्याण ही दिशा का धरली हे भूगोलावरून समजते. मुंबई आणि पनवेल यांच्यामध्ये पसरलेली रुंद खाडी त्या काळच्या साधनांनी ओलांडणे शक्य नव्हते. ठाण्याजवळ ती अरुंद होते. शिवाय कल्याणपासून एक फाटा थळघाटाकडे व दुसरा बोरघाटाकडे नेता येत होता. १८५४ मध्ये गाडी कल्याणला आणि १८५६ मध्ये पळसदरीमार्गे खोपोलीला पोहोचली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा वरचा टप्पा सुरू झाला. घाटातील लोहमार्ग पुरा होईपर्यंत, म्हणजे १८६३ पर्यंत, खोपोलीस उतरलेला प्रवासी डोली, तट्टू किंवा गाडी करून १८३० च्याच रस्त्याने खंडाळ्यास जात असे. जुन्या रस्त्याने नव्या आगगाडीची उणीव पाच वर्षे भरून काढली. पनवेल मात्र १८५६ पासूनच या साखळीबाहेर पडले होते. १८६३ मध्ये बोरघाटातून गाडी धावू लागल्यावर पुण्याच्या प्रवाशाला भरतीची वेळ पाहण्याचे कारण उरले नाही.

येथे एक सावधगिरी अवश्य आहे. आगगाडीने पनवेल ओस पडले, असे विधान अतिशयोक्तीचे होईल. चाकांच्या धंद्याची उपरिनिर्दिष्ट नोंद लोहमार्गानंतरच्या काळातली आहे, यावरून गाड्यांची वर्दळ चालूच होती हे दिसते. भात, मीठ, मासळी व लाकूड यांचा व्यापार खाडीच्या आधारे टिकून राहिला. मात्र त्याचे क्षेत्र आकुंचले. मुंबई–पुणे या मोठ्या मार्गावरील अपरिहार्य टप्पा हे स्थान जाऊन, आसपासच्या तालुक्यांची पेठ हे स्थान पनवेलकडे उरले. १८८३ मध्ये पनवेल ठाणे जिल्ह्यातून काढून कुलाबा जिल्ह्याला जोडण्यात आले. त्यामुळे कचेरी अलिबागला, बाजार मुंबईला आणि मुंबईचा सडकेचा मार्ग ठाण्यावरून, अशी तीन दिशांची ओढाताण गावाच्या वाट्याला आली. मोटारींचे युग आल्यावरही मुंबईहून पुण्यास जाणारी सडक ठाणे, मुंब्रा व शीळ असा वळसा घालूनच पनवेलला येत होती.

३

पनवेलकडे नियोजकांची दृष्टी पुन्हा वळली ती मुंबईच्या अडचणीतून. दुसऱ्या महायुद्धानंतर आणि फाळणीनंतर मुंबईची लोकसंख्या झपाट्याने वाढली. शहराची भूमी दक्षिणोत्तर, निमुळती, तीन बाजूंनी पाण्याने वेढलेली. कचेऱ्या व गोदी दक्षिणेच्या टोकाला. वस्ती उत्तरेकडे सरकत चाललेली. परिणामी सकाळी सर्व प्रवास दक्षिणेकडे आणि सायंकाळी सर्व प्रवास उत्तरेकडे. १९४८ च्या सुमारास न. वि. मोडक व अमेरिकन नियोजनकार आल्बर्ट मेयर यांनी बृहन्मुंबईची रूपरेषा सिद्ध केली. तीत उपनगरांचा विकास व उपग्रह-नगरे यांवर भर होता.

पुढच्या दशकात प्रश्नाची मांडणी बदलत गेली. तत्कालीन मुंबई राज्याने १९५८ मध्ये स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला. त्याने १९५९ मध्ये जी शिफारस केली ती पनवेलच्या दृष्टीने निर्णायक होती : ठाण्याची खाडी ओलांडून मुंबई बेट मुख्य भूमीला जोडणारा, रेल्वे व सडक दोन्ही वाहून नेणारा पूल बांधावा. १८५३ मध्ये जी खाडी चुकवून लोहमार्ग नेला गेला होता, ती खाडीच आता ओलांडण्याचा विचार पुढे आला. १९६३ च्या सुमारास विल्बर स्मिथ या अमेरिकन संस्थेने मुंबईच्या वाहतुकीची पाहणी पुरी केली. त्या पाहणीतून मुंबई बेट व पलीकडील किनारा यांना सरळ जोडणाऱ्या सागरी पुलाची कल्पना पुढे आली.

१९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकात मांडलेली योजना याहून एक पाऊल पुढे होती. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा की, दक्षिण टोकाकडे जाणारे आणखी रस्ते बांधून गर्दी कमी होणार नाही, ती वाढेल. प्रवासाची दिशाच बदलली पाहिजे, आणि त्यासाठी नोकऱ्यांचे स्थान बदलले पाहिजे. खाडीच्या पूर्वेस एक स्वतंत्र शहर उभारावे, शासनाची कचेरी तेथे न्यावी, म्हणजे दक्षिणोत्तर ओघ पूर्व-पश्चिम होईल. त्याच वर्षी राज्य शासनाने अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९६६ च्या अहवालात समितीने उद्योगांचे विकेंद्रीकरण, प्रादेशिक नियोजन मंडळाची स्थापना आणि खाडीपलीकडील मुख्य भूमीचा योजनाबद्ध विकास यांचा पुरस्कार केला. वाहतूक हा स्वतंत्र प्रश्न नसून कामाच्या व राहण्याच्या जागांमधील अंतराचा प्रश्न आहे, हे तत्त्व या दोन मांडणींनी महाराष्ट्राच्या शासनव्यवहारात आणले.

याच सुमारास, १९६४ मध्ये, दिवा ते पनवेल हा लोहमार्ग सुरू झाला. बोरघाटातील लोहमार्गानंतर एक शतक उलटल्यावर पनवेलला आगगाडी आली, परंतु ती उत्तरेकडून, दिव्याचा वळसा घालून. १९६६ मध्ये हा मार्ग आपट्यापर्यंत वाढला. मुंबईशी सरळ लोहमार्ग होण्यास अजून बत्तीस वर्षांचा अवधी होता.

४

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये संमत झाला. त्या अन्वये मुंबई महानगर प्रदेशासाठी नेमलेल्या मंडळाने १९७० मध्ये प्रादेशिक योजनेचा मसुदा प्रसिद्ध केला. तो १९७३ मध्ये मंजूर झाला. दरम्यान मार्च १९७० मध्ये शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे सिडको, अस्तित्वात आले. ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांची मिळून सुमारे ३४४ चौरस किलोमीटर भूमी नव्या शहरासाठी अधिसूचित झाली. शिरीष पटेल हे महामंडळाच्या आरंभीच्या काळात नियोजनाचे संचालक होते आणि कोरिया प्रमुख वास्तुविशारद. पनवेल नगरपालिकेची हद्द या क्षेत्राबाहेर ठेवण्यात आली. तिच्या शेजारी नवीन पनवेल वसविण्याचे ठरले.

विकास योजनेचे सूत्र असे होते. एकच मोठे केंद्र न करता अनेक उपकेंद्रे किंवा ‘नोड’ करावयाचे. ते सामूहिक वाहतुकीच्या मार्गावर माळेतील मण्यांप्रमाणे ओवावयाचे. प्रत्येकाच्या मध्यभागी स्थानक असावयाचे आणि घरापासून ते चालण्याच्या अंतरावर यावयाचे. लोकसंख्येचे लक्ष्य २० लाख धरले होते. या कल्पनेचे पूर्वज व भाऊबंद युरोपात सापडतात. कोपनहेगनच्या १९४७ च्या योजनेत वस्ती हाताच्या बोटांप्रमाणे लोहमार्गांच्या दिशेने वाढावी अशी आखणी होती. स्टॉकहोमजवळ व्हेलिंगब्यू हे उपनगर उभारताना भुयारी रेल्वेचा मार्ग १९५२ मध्ये तेथे पोहोचला आणि नगराच्या केंद्राचे उद्घाटन १९५४ मध्ये झाले. म्हणजे गाडी आधी आणि गाव नंतर. हा क्रम नोडच्या कल्पनेचा प्राण आहे. स्थानक नसेल तर नोड म्हणजे नुसती वसाहत उरते.

नव्या शहरात हा क्रम साधला नाही. ठाणे खाडीवरील वाशीचा पूल १९७३ मध्ये झाला तो केवळ सडकेचा. बर्वे गटाने सुचविलेल्या जोड-पुलातील रेल्वेचा अर्धा भाग मागे राहिला. शीव–पनवेल मार्ग खुला झाल्याने पुण्याच्या सडकेचा ठाण्याचा वळसा वाचला आणि पनवेल पुन्हा एकदा मुंबई–पुणे मार्गाच्या मुखाशी आले. परंतु मानखुर्द ते वाशी ही गाडी मे १९९२ मध्ये सुरू झाली. ती पुढील वर्षी बेलापूरला आणि १९९८ मध्ये पनवेलला पोहोचली. म्हणजे सडक-पूल व रेल्वे-पूल यांत १९ वर्षांचे, आणि सडक-पूल व पनवेलची उपनगरी गाडी यांत २५ वर्षांचे अंतर पडले. शासनाची मुख्य कचेरी खाडीपलीकडे गेलीच नाही. त्यामुळे ज्या प्रवासाची दिशा बदलावयाची होती तो प्रवास बराच काळ जुन्याच दिशेने, आणि तोही सडकेवरून, होत राहिला.

या विलंबाचे कारण केवळ दप्तरदिरंगाई नव्हे; त्याच्या मुळाशी द्रव्यबळाचा पेच होता. नव्या शहराच्या उपनगरी रेल्वेचा खर्च सिडकोने ६७ टक्के व रेल्वेने ३३ टक्के सोसावा असे अखेर ठरले. सिडकोचे उत्पन्न म्हणजे विकसित जमिनीची विक्री. जमिनीला किंमत येण्यासाठी गाडी हवी, आणि गाडीसाठी जमिनीला किंमत यावयास हवी. हे चक्र फिरू लागण्यास वेळ लागला. फिरू लागल्यावर त्याचा दुसरा परिणामही दिसला. स्थानकाजवळची जमीन जितकी महाग विकली जाईल तितकी रेल्वे लवकर होणार, परंतु ज्या अल्पवेतनी कुटुंबाला पायी अंतरावर स्थानक हवे होते त्याला ती जमीन तितकीच दुर्लभ होणार. लोहमार्ग व स्वस्त घर ही योजनेची दोन उद्दिष्टे एकाच तिजोरीतून पुरी करावयाची होती, आणि ती परस्परांच्या आड येत होती.

५

आतापर्यंतचे विवेचन मार्गांचे व पुलांचे झाले. परंतु ज्या भूमीवर हे नोड आखले गेले ती रिकामी नव्हती. भाताची खाचरे, मिठागरे, खारबंदिस्तीची शेते आणि खाडीची मासेमारी यांवर आगरी, कोळी व अन्य समाजांची गावे शतकानुशतके जगत होती. दूर पल्ल्याच्या योजनेत प्रवाशांची संख्या मोजली जाते. वीस वर्षांनी कोण कोठून कोठे जाईल याची गणिते मांडली जातात. त्या गणितात, जे आज तेथेच राहतात आणि ज्यांना कोठेही जावयाचे नाही, त्यांची नोंद ‘संपादनीय क्षेत्र’ या सदरात होते.

या प्रश्नाला वाचा फोडणारे नेतृत्व शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील यांचे होते. जासई येथे जन्मलेल्या पाटलांनी पनवेलचे प्रतिनिधित्व विधानसभेत आणि कुलाब्याचे प्रतिनिधित्व लोकसभेत केले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात भूमिपुत्रांच्या आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. मागणी विकासाला विरोध करण्याची नव्हती. विकासाने वाढलेल्या मूल्यात वाटा मिळावा अशी होती. या लढ्यातून संपादित जमिनीच्या १२.५ टक्के इतकी विकसित जमीन मूळ धारकास परत देण्याचे तत्त्व निघाले व १९९० नंतर ते अमलात आले. नियोजनाच्या इतिहासात या तत्त्वाचे महत्त्व मोठे आहे. रस्ता किंवा लोहमार्ग आल्याने जमिनीला जी किंमत चढते ती कोणाची, हा प्रश्न अभियंत्यांच्या नकाशात नव्हता. तो जासईच्या शेतकऱ्यांनी तेथे लिहावयास लावला, आणि त्याची किंमत पाच प्राणांनी मोजली गेली.

पुढे २०१३ मध्ये नियोजित विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी, ‘नैना’ या नावाने, सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. तेथे सरसकट भूसंपादनाऐवजी नगररचना योजनांचा, म्हणजे धारकांच्या जमिनी एकत्र करून, रस्ते व सार्वजनिक जागा काढून, उरलेले भूखंड त्यांनाच परत देण्याचा मार्ग स्वीकारला गेला. हे साधन मुंबई इलाख्यात १९१५ च्या नगररचना कायद्यापासून उपलब्ध होते. ते पनवेलच्या परिसरात वापरले जाण्यासाठी मध्ये १९८४ यावे लागले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

६

विसाव्या शतकाच्या अखेरीस पनवेलवर मार्गांचा जणू वर्षाव झाला. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णत्वास गेली, आणि १९६४ च्या दिवा–पनवेल मार्गाला दक्षिणेचा सबंध किनारा जोडला गेला. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ पर्यंत पूर्ण झाला. त्याचा आरंभ पनवेलजवळच्या कळंबोलीपाशी होतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर ही मेट्रो सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी–न्हावा शेवा हा २१.८ किलोमीटर लांबीचा सागरी सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उपनगरी गाडी उरणला पोहोचली. पनवेल तालुक्यातील १,१६० हेक्टरांवरील विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. त्यासाठी उलव्याची टेकडी कापावी लागली, उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला आणि दहा गावांना आपली जागा सोडावी लागली.

या घटना योजनांच्या वर्षांशेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे इतिहासाचा खरा आकार दिसतो. खाडीवरील जोड-पुलाची शिफारस १९५९ ची. त्यातील सडक १४ वर्षांनी आली व रेल्वे ३३ वर्षांनी. सागरी सेतूची कल्पना १९६३ च्या सुमाराची. तो सुमारे ६१ वर्षांनी झाला. दुसऱ्या विमानतळाचा विचार १९९७ मध्ये सुरू झाला. तो २८ वर्षांनी उघडला. एकही कल्पना फसली असे म्हणता येत नाही. सर्व पुऱ्या झाल्या, परंतु ज्या क्रमाने त्या एकमेकींना आधार देणार होत्या त्या क्रमाने झाल्या नाहीत. दोन पिढ्यांचे लोक योजनेच्या मधल्या काळात जन्मले, शिकले, नोकरीला लागले आणि निवृत्त झाले. योजनेच्या अंतिम नकाशात त्यांच्यासाठी जागा होती. त्यांच्या हयातीच्या वर्षांसाठी मात्र तरतूद नव्हती.

लोकसंख्येची आकडेवारी हेच सांगते. २० लाखांचे लक्ष्य असलेल्या या क्षेत्रात २०११ च्या जनगणनेच्या वेळी नवी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत सुमारे ११ लाख २० हजार लोक होते. पनवेल नगरपालिकेची लोकसंख्या तेव्हा सुमारे १ लाख ८० हजार होती. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. जुने पनवेल, खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल इत्यादी वसाहती आणि २९ गावे तिच्या सुमारे ११० चौरस किलोमीटरांच्या हद्दीत आली. २०११ च्या गणनेनुसार या सबंध क्षेत्राची लोकसंख्या ५ लाखांच्या घरात होती. १९७० च्या दशकात जे जुने गाव योजनेच्या क्षेत्राबाहेर ठेवले गेले होते, त्याच्याच नावाने योजनेतील वसाहतींचा कारभार चालू झाला.

७

या दीर्घ इतिहासाच्या खुणा परिसराच्या बोलीतही उमटल्या आहेत, आणि त्यांकडे दुर्लक्ष करणे इष्ट नाही. ‘बंदर’ हा शब्द फार्सीतून आलेला. तो समुद्रावरच्या व्यापाराबरोबर मराठीत रुजला. ‘घाट’ हा त्याहून जुना. सडकेच्या युगाने ‘नाका’ आणि ‘फाटा’ हे शब्द स्थलनामांत आणले. शीळ फाटा, पळस्पे फाटा, दस्तान फाटा ही नावे मूळच्या गावाला मोठ्या रस्त्यावरून पाहणाऱ्या प्रवाशाने दिलेली आहेत. गावकऱ्याच्या दृष्टीने तो आपल्या गावाचा रस्ता. वाहनचालकाच्या दृष्टीने तो मुख्य रस्त्याला फुटलेला फाटा. पळस्पे येथे गोव्याचा व पुण्याचा असे दोन रस्ते वेगळे होतात, आणि ‘फाटणे’ या क्रियापदाचा अर्थ तेथे अक्षरशः दिसतो.

‘नोड’ हा शब्द यांहून निराळा आहे. तो कोणा प्रवाशाने किंवा गावकऱ्याने दिलेला नसून नियोजकाच्या आराखड्यातून उतरला आहे. त्याबरोबर ‘सेक्टर’ आणि त्यांचे अनुक्रमांक आले. खारघर, कामोठे, कळंबोली ही मूळची ग्रामनामे नोडांना मिळाली, आणि जुन्या वस्तीचा निर्देश करताना ‘खारघर गाव’, ‘कामोठे गाव’ असा जोडशब्द करणे भाग पडले. ज्याचे नाव होते त्यालाच ओळखीसाठी विशेषण लावावे लागले. सत्तांतराची नोंद भाषा किती थोडक्या शब्दांत ठेवते याचे हे उदाहरण होय.

लॅटिनमधील ज्या शब्दापासून ‘नोड’ निघाला त्याचा अर्थ गाठ. त्या अर्थाने पनवेल हे १८३० मध्येच नोड होते : पाण्याची वाट आणि चाकांची वाट तेथे गाठ मारून एकत्र आली होती. त्या गाठीने गावाला पेठ दिली, धंदा दिला, नगरपालिका दिली. आणि ज्या निर्णयांत गावाला मत नव्हते त्या निर्णयांनी ती गाठ १८५६ मध्ये सुटली व १९७३ नंतर पुन्हा, निराळ्या दोऱ्यांनी, बांधली गेली. दोन्ही वेळा निर्णय घेणाऱ्यांचे लक्ष दुसऱ्या टोकांवर होते : एकदा मुंबई व पुण्यावर, एकदा मुंबईच्या गर्दीवर.

वाढत्या वस्त्यांसाठी दूर पल्ल्याचे दळणवळण आखताना या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, नकाशापेक्षा अनुक्रम अधिक महत्त्वाचा असतो. कोणता पूल कोठे असावा याविषयी १९५९ पासून फारसा मतभेद नव्हता. कोणता आधी व्हावा आणि त्याचा खर्च कोणी, कशातून द्यावा, हा प्रश्न अनिर्णीत राहिला, आणि शहराचे रूप त्या अनिर्णयाने ठरविले. दुसरी अशी की, मार्गाने निर्माण होणाऱ्या मूल्याचा पहिला हक्कदार ज्याच्या जमिनीवरून मार्ग जातो तो आहे, हे तत्त्व योजनेच्या आरंभीच मान्य करणे न्यायाचे आहे आणि व्यवहाराचेही आहे. ते न मानल्यामुळे गेलेला काळ योजनेच्या विलंबात धरला जात नाही, परंतु तो तेथेच धरला पाहिजे. विमानतळाच्या भोवतालचा प्रदेश आकार घेत असताना आणि कर्जतपर्यंतच्या उपनगरी मार्गाचे काम हाती घेतले गेले असताना, पनवेलच्या पूर्वेकडील गावांपुढे हाच प्रश्न तिसऱ्यांदा उभा आहे. ती गावे आराखड्यावर गाठी म्हणून काढली जातील, की ज्यांच्या हाती गाठ बांधण्याचे काम आहे त्यांत त्यांनाही स्थान मिळेल, यावर पुढील इतिहासाचे स्वरूप अवलंबून राहील.